फीमर म्हणजे खुबा का? मांडीच्या हाडाला मराठी शब्द

आत्या पडली. डिस्चार्ज पेपरवर 'फ्रॅक्चर नेक फीमर' लिहिलंय आणि घरात सगळे म्हणतायत खुबा मोडला. शब्दकोशात 'ऊर्वस्थी' सापडलं पण हे घरात कोण बोलणार? रोजच्या बोलण्यातला एखादा शब्द आहे का?

—

खुबा म्हणजे सांधा हो, हाड नाही. कमरेच्या हाडातल्या खोबणीत मांडीच्या हाडाचा गोळा बसतो, शाळेत उखळीचा सांधा शिकलो ना तोच. गोळ्याखाली हाड बारीक होतं ती त्याची मान, आणि म्हातारी माणसं पडली की बरेचदा तिथेच नाहीतर जरा खाली मोडतं, मग दुखतं खुब्यात म्हणून लोक खुबा मोडला म्हणतात, मी तरी चूक म्हणणार नाही. ऊर्वस्थी म्हणजे ऊरु + अस्थी. ऊरु म्हणजे मांडी, भीमाने दुर्योधनाचा ऊरुभंग केला तो ऊरु. शरीरातलं सगळ्यात लांब हाड हे, उंचीच्या साधारण पाव भाग.

—

जांघेचं हाड म्हटलं तर? हिंदीत म्हणतात की.

—

नको, फसाल. आपल्याकडे जांघेत गाठ येते ती मांडी पोटाला मिळते तिथे. हिंदीत जांघ म्हणजे अख्खी मांडी. आणि संस्कृतात जंघा चक्क गुडघ्याखाली, आपली नडगी-पोटरी! शब्द पायावरून वर वर चढत आलाय 😄

—

आमचा मटणवाला सरळ नळी म्हणतो. पण ते आकारावरून, मांडीची पण नळी आणि नडगीची पण नळीच, चोखणाऱ्याला काय फरक पडतो. बाकी चिकनची तंगडी म्हणून हातात धरून खातो ते हाड मांडीचं नाहीच बरं का, नडगीचं. मांडीचं त्याच्या वरच्या पीसमधे असतं.

—

गुरांमधे अजून घोळ. बैलाच्या मागच्या पायाचा तो मागे वळलेला सांधा सगळे गुडघा समजतात, तो खरा आपल्या घोट्याच्या जागचा. गुडघा पार वर पोटाजवळ असतो आणि मांडीचं हाड त्याच्याही वर मासात दडलेलं, बाहेरून कळतच नाही, म्हणून बैलाला मांडी आहे हेच लोकांच्या लक्षात येत नसावं. हत्तीचं वेगळं, त्याचं हे हाड लांब आणि उभं, गुडघा खाली येतो, त्यामुळे मागचे पाय माणसासारखे गुडघ्यात मोडून टेकतो.

—

सगळ्यांना थँक्स. आत्याला सांगून बघितलं, मांडीच्या हाडाची मान मोडलीय. म्हणाली मान धड आहे माझी, खुबा मोडलाय. ऑपरेशननंतर मांडी घालून बसायचं नाही हे मात्र तिला पहिल्या फटक्यात कळलं आणि तेव्हापासून रुसून बसलीय, खुर्चीवर.