थंड हंगामाच्या रेड वाइनला ‘आंबट पाणी’ म्हणणाऱ्यांसाठी

तळघर (धागाकर्ता)

जुन्या बाटल्या किती वर्षे ठेवाव्यात या चर्चेत ‘भरदुपार’ यांनी परवा एका वाक्यात निकाल देऊन टाकला : “थंड हंगामाची रेड वाइन म्हणजे आंबट पाणी, ऊन नाही तेथे रंग नाही, आणि अशा वर्षांना ‘अभिजात’ म्हणणे ही विक्रेत्यांची हुशारी आहे.” तेथे उत्तर दिले असते तर विषयांतर झाले असते, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

साखर भरली की द्राक्ष पिकले, ही समजूत या विधानाच्या मुळाशी आहे. रेड वाइनला ती लागू पडत नाही, कारण रेडचा निम्मा जीव सालीत आणि बियांत असतो. मण्यात पाणी उतरल्यानंतर, म्हणजे मणी मऊ होऊन रंगू लागल्यावर, साखर वाढते, आम्ल घटते, सालीत रंग चढतो आणि टॅनिनचा, म्हणजे साली-बियांतील तुरट द्रव्याचा, कच्चेपणा निवळतो. परंतु ही चार कामे एका वेगाने होत नाहीत. कडक उन्हाळ्यात साखर आणि आम्ल पुढे निघून जातात, रंग आणि टॅनिन मागे राहतात. अशा वर्षी ब्रिक्स (रसातील साखरेचे माप) २५ झालेला मणी तोडून त्याची बी चावून पाहावी : गर मधासारखा गोड लागतो, पण बी अजून हिरवट असते आणि हिरड्या आवळून धरते. तेव्हाच काढणी केली तर वाइन उग्र होते, आणि बी पिकण्याची वाट पाहिली तर अल्कोहोल १५ टक्क्यांवर जाऊन फळाचा मुरंबा होतो. थंड हंगामात साखर सावकाश भरते आणि बाकीच्यांना गाठायला वेळ मिळतो. फुलोऱ्यापासून काढणीपर्यंत १०० दिवस हा फ्रान्सच्या बोर्दो या वाइन-प्रदेशाचा जुना ठोकताळा आहे. थंड वर्षी काढणी त्याच्या पुढे सरकते आणि शेवटचे आठवडे शरद ऋतूतील गार रात्रींत जातात.

आता रंगाविषयी. ऊन आणि उष्णता यांची गल्लत करू नये. तापमान सुमारे ३५ अंशांपलीकडे गेले की सालीत अँथोसायनिन हे रंगद्रव्य तयार होणे मंदावते आणि तयार झालेलेही नष्ट होऊ लागते. उष्ण रात्री मणी आपले मॅलिक आम्ल श्वसनात खर्च करून टाकतो, तर गार रात्री ते टिकून राहते. आम्ल टिकले की पीएच खाली राहतो, त्यामुळे रंग अधिक लाल आणि स्थिर दिसतो, वाइन टिकवण्यासाठी घातलेला सल्फर डायऑक्साइड अधिक प्रभावी ठरतो आणि उपद्रवी जिवाणूंना वाव कमी मिळतो. फ्रान्समधील बरगंडी आणि इटलीतील बारोलो या दोन्ही प्रदेशांचा २०१० चा हंगाम थंड आणि लांबलेला होता. त्या वर्षाच्या बाटल्यांना आंबट पाणी म्हणणाऱ्याने त्या उघडलेल्या नसाव्यात, असे मला नम्रपणे वाटते.

भरदुपार

माझ्या एका वाक्यावर एवढा मोठा धागा काढल्याबद्दल आभारी आहे. मात्र जीवरसायनशास्त्राचा तास संपला असेल तर इतिहासाकडेही पाहू. बोर्दोच्या विसाव्या शतकातील ज्या वर्षांची नावे आजही आदराने घेतली जातात, ती १९४५, १९४७, १९५९, १९६१ आणि १९८२ आहेत. त्यांतले एकही वर्ष थंड उन्हाळ्यासाठी ओळखले जात नाही, आणि १९४७ च्या शेवाल ब्लाँ या बोर्दोतील वाइनची दंतकथा तर होरपळून काढणाऱ्या उन्हाळ्यातूनच जन्मली. आता थंड, ओल्या वर्षांची यादी पाहा : १९६३, १९६५, १९६८, १९७२. यांतली बाटली कोणी अभिमानाने पाहुण्यांपुढे ठेवतो का?

स्वतःचा अनुभवही सांगतो. एका जाणकार मित्राने ‘थंड वर्षाचा डौल काही वेगळाच असतो’ असे पटवून मला २०१३ चा बोर्दो घ्यायला लावला. लग्नाच्या वाढदिवसाला तो मोठ्या थाटात उघडला. पहिल्या घोटालाच ढोबळी मिरची चिरल्याचा वास आला, आणि पत्नीने ही बाटली भाजीत घालायची आहे का, असे विचारले. तेव्हापासून ‘अभिजात’ हा शब्द ऐकला की मी खिसा सांभाळतो.

तळघर

१९४७ चा उल्लेख आपण केलात हे बरेच झाले. त्या वर्षी तळघरे इतकी तापली होती की अनेक ठिकाणी किण्वन अर्ध्यात अडकले, आणि त्या सुप्रसिद्ध शेवाल ब्लाँमध्ये साखरही उरली व व्हिनेगरकडे झुकणारी बाष्पशील आम्लताही. अपघात सुंदर निघाला म्हणून तो नियम होत नाही. शिवाय आपली पाचही वर्षे ज्या बोर्दोतील आहेत, तेथे त्या काळी द्राक्षे पिकतील की नाही याचीच दरवर्षी धाकधूक असे. अशा ठिकाणी उष्ण वर्ष वरदान ठरणारच. २००३ मध्ये तीच उष्णता मर्यादेपलीकडे गेली, बरगंडीत ऑगस्टमध्येच काढणी करावी लागली, आणि त्या वर्षाच्या बऱ्याच वाइन अकाली म्हाताऱ्या झाल्या. त्या वर्षाचे आपण नाव घेतले नाही, हा निव्वळ योगायोग समजतो.

वेलीखाली

दोघेही तळघरात बसून बागेचा न्याय करत आहात. उंटावरून शेळ्या हाकायच्याच असतील तर निदान पावसाचा उल्लेख तरी करावा. थंड कोरडा हंगाम आणि थंड ओला हंगाम यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि या धाग्यात आतापर्यंत दोन्ही एकाच पोत्यात भरले गेले आहेत. ऑस्ट्रेलियातील बरोसाचा २००२ चा उन्हाळा विलक्षण थंड पण कोरडा होता, आणि तेथील त्या वर्षाच्या शिराझला (सिरा या द्राक्षाचे तिकडचे नाव) आजही मान आहे. तेथलाच २०११ चा हंगामही थंडच होता, पण पाऊस थांबला नाही. केवडा (बुरशीचा रोग) आणि कुजीने घडच्या घड गेले. ‘भरदुपार’ यांची १९६३ आणि १९६५ ही वर्षे थंडीपेक्षा ओलीने आणि कुजीने बुडालेली आहेत. तिकडे ‘तळघर’ आपली २०१० ची उदाहरणे जणू दरवर्षी घडत असल्यासारखी मांडतात.

ढोबळी मिरचीच्या वासाचे कारण पायराझिन हे संयुग आहे. ते कॅबर्नेच्या कुळातील द्राक्षांत असते : कॅबर्ने सोव्हिन्याँ, कॅबर्ने फ्राँ, मेर्लो, कार्मनेर. पाणी उतरण्याआधी ते मण्यात साठते, पुढे ऊब आणि प्रकाश मिळाला तर घटते, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम उरले तरी नाकाला कळते. पिनो न्वार आणि सिरा यांत ते नगण्य असते. त्यामुळे जातीचे नाव न घेता ‘थंड हंगाम रेडला चांगला की वाईट’ असा वाद घालणेच मुळात अर्धवट आहे.

थंड वर्षी बागेत काय चालते, तेही सांगतो. २०१० मध्ये मी कॅलिफोर्नियात एका बागेवर कामाला होतो. उन्हाळा इतका मंद होता की मालकाचा धीर सुटला, आणि घडांना ऊब मिळावी म्हणून त्याने आम्हाला घडांभोवतीची पाने काढायला लावली. आम्ही ओळीच्या दोन्ही बाजू उघड्या केल्या. ऑगस्टच्या अखेरीस अचानक उष्णतेची लाट आली, आणि सावलीत वाढलेल्या त्या कोवळ्या सालीला ती सोसली नाही. दुपारच्या उन्हाकडे तोंड असलेले मणी आधी तांबूस-तपकिरी पडले, मग सुकून मनुकांसारखे झाले, तर त्याच घडाची मागची बाजू टवटवीत होती. काढणीपूर्वी आम्ही कात्रीने अर्धे अर्धे घड कापून जमिनीवर टाकत होतो. पूर्वेकडची पाने तेवढी काढली असती तर एवढे नुकसान झाले नसते. थंड हंगामाने ती बाग बिघडवली नव्हती. माणसाच्या उतावळेपणाने बिघडवली.

लेबलवाचक

थोडे अवांतर आहे, पण या धाग्यात ज्या विषयाला सगळेच बगल देत आहेत तो साखरेचा आहे. थंड वर्षाच्या सौंदर्याच्या आरत्या चालू आहेत, आणि त्या वर्षी किण्वनाच्या टाकीत पोती रिकामी होतात याबद्दल अवाक्षर नाही. नेपोलियनच्या मंत्रिमंडळातील रसायनतज्ज्ञ शाप्ताल यांच्या नावाने ही प्रथा ओळखली जाते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर घातली की एक टक्का अल्कोहोल वाढते. बोर्दो-बरगंडीला दीड टक्क्याची मुभा आहे, म्हणजे २२५ लिटरच्या एका पिंपामागे जवळजवळ पावणेसहा किलो साखर. हंगामाचे कौतुक जरूर करावे, पण त्यातले वेलीचे किती आणि साखर कारखान्याचे किती, हे आधी सांगावे.

भरदुपार

‘लेबलवाचक’ यांना साष्टांग नमस्कार. म्हणजे ज्या ‘डौला’वर मला शिकवणी मिळाली, तो साखरेच्या पोत्यावर उभा आहे तर!

तळघर

अहो, पण मग उष्ण हंगामाचा समतोल कशावर उभा असतो? आम्ल उतरलेल्या रसात टार्टारिक आम्लाची पूड ओतली जाते, ती कोणाच्या नजरेस येत नाही का? ऑस्ट्रेलियात आणि कॅलिफोर्नियात साखर घालण्यास बंदी आहे, हे अभिमानाने सांगितले जाते. आम्ल घालण्यास मात्र तेथे पूर्ण मोकळीक आहे. प्रत्येक प्रदेशाने आपल्याला जे कमी पडते ते घालण्याची सोय कायद्यात करून घेतली आहे. युरोपीय संघाचे नियमही तसेच आहेत : सर्वांत थंड विभागाला तीन टक्क्यांपर्यंत वाढ करण्याची परवानगी, त्यानंतरच्याला दोन, आणि पुढे दीड. इटलीत पांढरी साखर चालत नाही, पण द्राक्षरस आटवून घातला तर चालतो. एवढे पाहिल्यावर फक्त थंड वर्षालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

लेबलवाचक

मी कोणाचीही बाजू घेतलेली नाही. साखर घालणारे आणि आम्ल घालणारे माझ्या लेखी एकाच माळेचे मणी आहेत. साध्या जॅमच्या बाटलीवर घटकांची यादी लागते, आणि शेकडो वर्षांच्या परंपरेचे नाव सांगून वाइनवाले त्यातून सुटत आले, हा माझा मूळ आक्षेप आहे.

वेलीखाली

साखरेबद्दल एक खुलासा आवश्यक वाटतो. बरगंडीत ती केवळ अल्कोहोल वाढवण्यासाठी घातली जाते असे नाही. किण्वन संपत आले असताना थोडी थोडी घातली की ते आणखी काही दिवस चालते, सालींचा संपर्क लांबतो आणि अर्क सावकाश उतरतो. याला फसवणूक म्हणायचे की कारागिरी, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु कच्च्या सालीत जे तयारच झाले नाही, ते साखरेची गोणी आणून देऊ शकत नाही. साखर अल्कोहोल देते. रंग, गंध आणि मऊ टॅनिन देत नाही. म्हणून साखर घातली जाते एवढ्यावरून थंड वर्षाची गुणवत्ता खोटी ठरत नाही. आता मूळ विषयाकडे वळावे, ही विनंती.

तळघर

वळतो. सिराच्या बाबतीत थंड वर्षाची देणगी तर नाकाला थेट कळते. काळ्या मिरीचा जो गंध येतो, तो मिरीतल्याच रोटंडोन या संयुगाचा असतो. ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००८ मध्ये शिराझमधील हे संयुग प्रसिद्ध केले. थंड वर्षी आणि सावलीतल्या घडांत ते अधिक आढळते. हा गंध साखरेच्या पोत्यातून येत नाही.

भरदुपार

मी अनेक वर्षे शिराझ पितो आणि मला त्यात मिरी कधीच लागली नाही. चाखणाऱ्यांच्या टिपणांमध्ये मिरी, शाई, चामडे, जंगलातली ओली पाने असे सगळे असते. ग्लासात मात्र वाइनच असते.

तळघर

त्याचेही स्पष्टीकरण त्याच संशोधनात आहे. साधारण पाचांतील एका माणसाला रोटंडोनचा वास भरपूर प्रमाणातही येत नाही. आपण तो पाचवा असण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि तसे असल्यास थंड हंगामाच्या सिरावर निकाल देण्याचे काम उरलेल्या चौघांवर सोपवावे.

भरदुपार

मुद्दे संपले की माणसे नाकावर घसरतात, हे आज सिद्ध झाले. माझ्या नाकाला २०१३ ची ढोबळी मिरची शंभर टक्के लागली होती, तेव्हा ते नाक आपल्याला चालत नव्हते का? विज्ञानाचा आव आणून समोरच्याला अपंग ठरवण्याची ही पद्धत या धाग्याला शोभत नाही.

वेलीखाली

‘तळघर’, ते वाक्य अनावश्यक होते. ‘भरदुपार’, पायराझिन आणि रोटंडोन ही वेगवेगळी संयुगे आहेत. एकाचा वास येणे आणि दुसऱ्याचा न येणे यात विसंगती नाही, आणि त्यात कमीपणाही नाही.

भरदुपार

ठीक आहे. सगळ्यांच्या समाधानासाठी लिहून देतो : प्रदेश मुळात उबदार असावा, थंड हंगाम कोरडा असावा, शेवटी पाऊस येऊ नये, मालकाने पाने चुकीच्या बाजूने काढू नयेत आणि द्राक्ष कॅबर्ने नसावे, एवढे सगळे जुळून आले तर थंड हंगामाची रेड वाइन उत्तम होऊ शकते. इतक्या अटींवर तर मीही शर्यत जिंकेन.

वेलीखाली

शेवटची अट काढून टाका. २०१४ मध्ये बोर्दोचे जुलै आणि ऑगस्ट थंड गेले, सर्वांनी वर्ष सोडून दिले होते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोरडे, उन्हाचे दिवस लागले आणि उशिरा पिकणाऱ्या कॅबर्नेलाच त्याचा सर्वाधिक फायदा झाला. आपण २०१३ ऐवजी त्याच्या पुढचे वर्ष घेतले असते, तर हा धागाच निघाला नसता.

भरदुपार

२०१४ ची एक बाटली घेईन. मित्राच्या पैशाने.

लेबलवाचक

मूळ विषयाकडे वळण्याची विनंती वाचली, तरीही लिहितो, कारण माझा प्रश्न मिटलेला नाही, उलट आता तपासता येण्यासारखा झाला आहे. ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनवर युरोपीय संघाने घटकांची यादी बंधनकारक केली आहे. ती बाटलीवर छापता येते किंवा क्यूआर कोडमागे ठेवता येते, आणि अल्कोहोल वाढवण्यासाठी घातलेली साखर व टार्टारिक आम्ल दोन्ही त्या यादीत यावी लागतात. २०२४ चा हंगाम बोर्दो आणि बरगंडीत ओला गेला, केवड्याने बागा पोखरल्या. त्या वर्षाच्या बाटल्या ज्यांच्या हाती येतील, त्यांनी कोड उघडून पाहावा आणि साखर लिहिलेल्या व न लिहिलेल्या बाटल्यांची नावे येथे टाकावीत. ‘तळघर’ यांनी सुरुवात करावी, कारण थंड वर्षांची खरेदी तेच सर्वाधिक करतात.

तळघर

करतो. आम्लाचीही वेगळी यादी ठेवू, आणि ती ‘भरदुपार’ यांच्या आवडत्या उष्ण प्रदेशांपासून सुरू करू.