थायलंडच्या शाळेत इंग्रजी शिकवायची ऑफर आलीये, एजंट म्हणतो आधी या मग वर्क परमिट काढू. जाऊ का?

कृष्णाकाठची_मॅडम

नमस्कार सगळ्यांना. मी सांगलीची, एम.ए. इंग्लिश, बी.एड., वय 31. सहा वर्षं एका विनाअनुदानित शाळेत शिकवतेय, पगार 14,000 आणि तोही कधी दोन महिन्यांनी कधी तीन महिन्यांनी. टीएआयटी ही शिक्षक भरतीची परीक्षा दिली, भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट बघून झाली, आता वय चाललंय आणि मिस्टरांचं काम पण लॉकडाऊननंतर नीट सुरू झालेलं नाही.

एका एजंटकडून थायलंडची ऑफर आलीये. बँकॉकपासून तीनेक तासांवरच्या गावातली खासगी शाळा, महिना 25,000 बाट, म्हणजे आपले साधारण 67-68 हजार. एजंटची फी 1,20,000, त्यातले निम्मे आधी. तो म्हणतोय इंडियन पासपोर्टला थोड्या दिवसांसाठी व्हिसा लागतच नाही, तुम्ही सरळ विमानात बसा, शिकवायला सुरुवात करा, व्हिसा आणि वर्क परमिट तिथे गेल्यावर शाळा करून देते, सगळेच असं करतात.

मला प्रश्न असे की हे खरंच असं चालतं का, 25,000 मध्ये राहून घरी काही पाठवता येईल का, आणि त्याच शाळेच्या जाहिरातीत नेटिव्ह स्पीकरला 38,000 लिहिलंय तर काम तेच असताना मला 25 का? अजून एक, माझं दहावीपर्यंत मराठी मीडियम आहे, त्याने काही अडतं का? घरी सासूबाई सोडून सगळे तयार आहेत. कृपया अनुभव असलेल्यांनीच सांगा, ऐकीव नको.

मेकाँगची_साताऱ्याची

मॅडम, मी 2019 पासून थायलंडमध्ये शिकवतेय, ईशान्येकडच्या एका जिल्ह्याच्या गावी, आधी सरकारी शाळा आता खासगी. सगळ्यात आधी हात जोडून सांगते, एजंटला एक रुपयाही देऊ नका आणि व्हिसा-फ्रीवर शिकवायला येऊ नका.

तो पूर्ण खोटं बोलत नाहीये, म्हणून तर माणूस फसतो. व्हिसा नसताना येऊन इथल्या इमिग्रेशनमध्ये नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा करून घेता येतो, 2,000 बाट फी आहे, मुक्कामाचे निदान 15 दिवस शिल्लक असावे लागतात. पण त्याला कागद तेच लागतात जे मुंबईतून काढताना लागतात. मग शाळेकडे कागद तयार असतील तर ती आत्ताच का पाठवत नाही? आणि मुख्य मुद्दा, वर्क परमिट हातात येईपर्यंत वर्गात उभं राहून शिकवणं म्हणजे बेकायदा काम, एक दिवस असो नाहीतर साठ. पकडलं तर 5,000 ते 50,000 बाट दंड, परत पाठवणी, आणि पुढची दोन वर्षं वर्क परमिट नाही. शाळेला दंड होतो तो वेगळा पण शाळा दुसऱ्या दिवशी परत भरते, तुमचं तसं नाही.

सरळ रस्ता असा की शाळेने नेमणुकीचं पत्र, शाळेच्या लायसनची प्रत आणि खासगी शाळा असेल तर प्रायव्हेट एज्युकेशन कमिशनच्या ऑफिसचं मान्यतेचं पत्र तुम्हाला पाठवायचं, त्यावर तुम्ही घरबसल्या थाय ई-व्हिसाच्या साइटवर नॉन-बी साठी अर्ज करायचा. तो 90 दिवसांचा मिळतो. इथे उतरल्यावर शाळा वर्क परमिट काढते आणि मग मुक्काम एक वर्षाने वाढतो, त्याची फी 1,900. दुसऱ्या बाजूने शिक्षक परिषदेची, इथे खुरुसपा म्हणतात, परवानगी लागते. कायमचं लायसन नसेल तर शाळा तुमच्यासाठी दोन वर्षांची तात्पुरती सूट मागते. ही सूट त्या शाळेपुरतीच असते, शाळा बदलली की सगळं नव्याने. तुमचं बी.एड. आहे हे फार मोलाचं आहे, इथे कितीतरी गोरे शिक्षक नुसत्या कुठल्याही डिग्रीवर आलेले असतात. फक्त आपण नॉन-नेटिव्ह धरले जातो म्हणून टोईक नाहीतर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर मागतात. टोईकला 600 सगळीकडे विचारतात, तुम्हाला ते काहीच नाही.

दहावी मराठी मीडियमने थायलंडमध्ये काही अडत नाही. माझंही झेडपीच्या शाळेतलंच.

आता पगार. 38 आणि 25 चं कारण फक्त पासपोर्ट, दुसरं काही नाही. फिलिपिनो शिक्षकांनाही असंच, आणि इथल्या शाळा अर्ध्याअधिक त्यांच्यावर चालतात. मला पहिली तीन वर्षं फार लागायचं हे, कारण व्याकरणाचा तास मी घ्यायचे आणि ओपन डेला पालकांसमोर उभा राहायचा दुसराच. मी मागून घेतलं तेव्हा 22 चे 28 झाले. तुमच्याकडे बी.एड. आणि सहा वर्षं आहेत, 25 ला लगेच हो म्हणू नका.

25 मध्ये राहता येतं. छोट्या गावात खोली 4,000-4,500, लाइट पाणी हजारभर, जेवण सहा-सात हजार, त्यात स्वतः रांधलं तर कमी. माझे सोशल सिक्युरिटीचे महिना 750 कापायचे. इन्कम टॅक्स एवढ्या पगाराला लागत नाही, कारण 3 लाखांतून 1 लाख खर्चापोटी आणि 60 हजार स्वतःची सूट जाते, उरतात 1 लाख 40 हजार आणि दीड लाखापर्यंत शून्य. महिना आठ-दहा हजार बाट बाजूला पडतात. पण एक विचारा, करार 12 महिन्यांचा आहे की 10 चा? इथलं वर्ष मेच्या मध्यापासून मार्चपर्यंत, आणि बऱ्याच शाळा सुट्टीचा पगार देत नाहीत. 10 महिन्यांचा करार असेल तर तुमचे 25 हे खरे 21 पेक्षाही कमी झाले.

शाकाहारी असाल तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेलं "जे" शोधायचं, तिथे कांदालसूणसुद्धा नसतो. सासूबाईंना हे आधी सांगा.

गोदाघाट_७७

साताऱ्याच्या ताईंना पूर्ण अनुमोदन, आणि मी ते चुकीचं करून बसलेला माणूस आहे म्हणून लिहितो.

2019 मध्ये मी टुरिस्ट व्हिसावर गेलो, शाळेचं नाव घेत नाही. पहिल्या दिवशी सांगितलं कागद प्रोसेसमध्ये आहेत, दुसऱ्या महिन्यात मला लाओसला पाठवलं, व्हिएंतियानला, तिथून परत टुरिस्ट व्हिसा घेऊन आलो, बस रात्रभर, खर्च माझा. तेव्हाच कळायला हवं होतं की वर्क परमिट काढायचं असतं तर टुरिस्ट व्हिसासाठी कशाला पाठवलं असतं. चौथ्या महिन्यात तपासणीला लोक आले, शाळेतल्या थाय मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बसायला सांगितलं पण वर्गाच्या टाइमटेबलवर माझं नाव आणि फोटो होता. दंड भरला, तिकीट स्वतःच्या पैशाने काढलं, शेवटच्या दीड महिन्याचा पगार मिळाला नाही, आणि मागणार कुणाकडे कारण करार तर थाय भाषेत एक पान होता आणि त्यावर शाळेचा शिक्काही नव्हता. आई दवाखान्यात होती त्यावेळी आणि पैसे पाठवायची पाळी माझी होती. हे आजही आठवलं की झोप जाते.

एजंटचं बघा, परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर असावी लागते, तिथे नाव टाकून दोन मिनिटांत बघता येतं. आणि नोंदणी असलेल्यालाही उमेदवाराकडून 30,000 रुपये अधिक जीएसटी याच्यावर घेता येत नाहीत. 1,20,000 मागणारा माणूस तिथेच उघडा पडला.

दुसरं, भीती घालायची नाही पण 2022 मध्ये थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली आपली पोरं म्यानमारमध्ये म्यावड्डीला फसवून नेली गेली होती, परराष्ट्र मंत्रालयाने तेव्हा जाहीर सूचना काढली होती. त्या कॉम्प्युटरवरच्या नोकऱ्या होत्या, शाळेच्या नाही, पण सुरुवात अशीच, आधी या मग कागद. शाळेचं नाव थाय भाषेत मागा, नकाशावर बघा, शाळेच्या फेसबुक पेजवरच्या नंबरला स्वतः फोन लावा.

हनोईत_विदर्भ

मी व्हिएतनाममध्ये, वर्ध्याचा. थायलंडवरच अडून राहू नका म्हणून लिहितोय. इथे वर्क परमिटला डिग्री, शिकवण्याचं सर्टिफिकेट, पोलीस क्लिअरन्स आणि मेडिकल लागतं, परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं. मला तासाला 3 लाख डोंग मिळतात, आपले हजारएक रुपये. ऐकायला मस्त वाटतं पण तासावर पगार म्हणजे तेत आला, त्यांचं नवं वर्ष, की सेंटर बंद आणि आपला मीटरही बंद, आणि पहिल्या वर्षी 183 दिवस भरेपर्यंत सरळ 20 टक्के टॅक्स. परमिटशिवाय शिकवताना सापडलं तर दंड दीड ते अडीच कोटी डोंग, कोटी बघून घाबरू नका पण पन्नास हजार रुपयांच्या वरच जातो, शिवाय देशाबाहेर.

कोरिया डोक्यातून काढा. तिथला इंग्रजी शिकवायचा ई-2 व्हिसा मुळात सात देशांसाठी आहे, अमेरिका ब्रिटन कॅनडा ऑस्ट्रेलिया न्यूझीलंड आयर्लंड दक्षिण आफ्रिका. भारताशी 2010 पासून लागू झालेल्या व्यापार करारात इंग्रजीचं बी.एड. असलेल्या भारतीयांना सरकारी शाळेत सहायक म्हणून दार उघडलंय, पण मी दोन वर्षं अर्ज केले, भरती करणारे तेच सात पासपोर्ट मागतात. आणि जपानला मॅडम तुमचं मराठी मीडियम नडेल, शाळेत भाषा शिकवायच्या इन्स्ट्रक्टर व्हिसाला त्या भाषेतून 12 वर्षं शिक्षण झालेलं लागतं. मी पण जिल्हा परिषदेचा, मला हे वाचून खूप वाईट वाटलं होतं, कारण जी भाषा आपण कष्टाने शिकलो ती कशी शिकवायची हे आपल्यालाच जास्त कळतं.

कृष्णाकाठची_मॅडम

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. गोदाघाट दादा, तुमचं वाचून मिस्टर पण गप्प झाले. एजंटचं नाव ई-मायग्रेटवर नाहीये. त्याला मी सांगितलं नॉन-बी चे कागद पाठवा मग पैसे, तर म्हणाला सीट दुसऱ्याला देतो. दे म्हटलं.

मग शाळेच्या पेजवरून नंबर काढून फोन केला. शाळा खरी आहे! तिथल्या फिलिपिनो कोऑर्डिनेटर बाई बोलल्या, जागा खरंच आहे, एजंटशी त्यांचं काही लिखापढीचं नाहीये, माझा सीव्ही थेट मागितला. काल व्हिडिओ कॉलवर डेमो झाला, पाचवीचा धडा घेतला. 28 मागितले, 27 म्हणाल्या, करार 12 महिन्यांचा, नॉन-बी चे कागद पाठवणार पण त्याआधी माझी डिग्री अटेस्ट करून हवी.

आता अडचण ही, डिग्री माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा. मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. काय करू?

मेकाँगची_साताऱ्याची

वा, 27 आणि 12 महिने, फार छान झालं! डेमो तुम्ही स्वतःच्या जोरावर मिळवलात.

नावाचं माझंही हेच होतं, माझा दीड महिना त्यात गेला. लग्नाचं सर्टिफिकेट इंग्रजीत काढा, आणि राजपत्रात नाव बदलाची नोंद नसेल तर आत्ताच अर्ज टाका, नुसतं अ‍ॅफिडेव्हिट काही ऑफिसर घेतात काही नाही. डिग्रीबरोबर हे दोन्हीही अटेस्ट करून घ्या, म्हणजे इथे कुणी विचारलं तर साखळी पूर्ण दिसते. क्रम असा, आधी राज्याच्या पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालय, मग थाय वकिलात. मी गेले तेव्हा थायलंडला अपोस्टिल, म्हणजे बऱ्याच देशांत चालणारं एकच अटेस्टेशन, चालत नव्हतं, म्हणून अटेस्टेशन करणाऱ्याला देश कुठला ते आधी स्पष्ट सांगा, नाहीतर तो सवयीने अपोस्टिलचं स्टिकर लावून देईल. आणि शाळेला पत्र लिहून कळवा की मार्कशीटवरचा पहिला शब्द आडनाव आहे, नाहीतर वर्क परमिटवर तुमचं आडनावच नाव होऊन बसतं, माझ्या मैत्रिणीचं झालंय, मुलं अजून तिला नावाऐवजी टीचर जाधव म्हणतात.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवावरून आजच टाका, 500 रुपये. तुम्ही ग्रॅज्युएट आहात म्हणजे पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागते असा शिक्का, नसणार, पण शेवटचं पान उघडून बघाच, जुन्या पासपोर्टवर असतो शिक्का.

इथे आल्यावर तीन गोष्टी. 90 दिवसांनी पत्ता कळवायचा असतो, विसरलात तर दंड. घरमालकाने तुमची नोंद 24 तासांत करायची असते, खोली घेतानाच विचारा करता ना म्हणून. आणि दिवाळीला घरी यायचं असेल तर निघायच्या आधी री-एंट्री परमिट काढायचं, 1,000 बाट, ते न काढता विमानात बसलात तर वर्षाचा मुक्काम तिथेच रद्द होतो आणि सगळं पहिल्यापासून.

गोदाघाट_७७

करारात अजून एक लिहून घ्या, वर्क परमिट आणि व्हिसाची फी कोण भरणार. आणि नोकरी सोडली की मुक्काम त्याच दिवशी संपतो, त्यामुळे राजीनामा द्यायच्या आधी पुढची शाळा ठरवायची, रागात द्यायचा नाही. करार इंग्रजीत आणि शिक्क्यासकट मागा.

कृष्णाकाठची_मॅडम

करारात फी शाळा भरणार असं लिहून आलंय, शिक्क्यासकट, आत्ताच मेल बघितला. सोमवारी पहाटेच्या गाडीने मुंबईला जातेय कागद घेऊन. राजपत्राचा अर्ज टाकला. सासूबाईंना "जे" चं सांगितलं, त्यांनी कांदालसूण मसाल्याची बरणी बॅगेत ठेवायला काढली आहे.

टोईक देऊ की आयईएलटीएस?

हनोईत_विदर्भ

आयईएलटीएस द्या. महाग आहे पण दोन वर्षं चालतं आणि उद्या थायलंड सोडून इकडे यावंसं वाटलं तरी उपयोगी पडतं. सांगलीहून पुणे किंवा कोल्हापूर जे जवळचं सेंटर मिळेल तिथली तारीख आजच बघा, भरतात लवकर.