पोस्टाची आरडी की बँकेचं सर्टिफिकेट? मदत हवी आहे, उद्यापर्यंत ठरवायचंय

निळीशाई
दरमहा १०,००० असे पाच वर्षं टाकायचे आहेत. पोस्टाच्या आरडीचा, म्हणजे दरमहा हप्ता भरायच्या आवर्ती ठेवीचा, दर ६.७ टक्के, बँक सर्टिफिकेटला ६.५ देतेय. तरी पोस्टात पाच वर्षांनी ७,१३,६५९ मिळणार आणि बँकेने कागदावर ८,२८,२५२ लिहून दिलेत. दर कमी असून लाखभर जास्त कसे? उद्या १५ तारीख, खातं उद्याच उघडायला हवं. लांबण नको, कुठे टाकू तेवढं सांगा.

खतावणी
तेवढंच सांगता येणार नाही, कारण दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. बँकेचा आकडा ६ लाख पहिल्याच दिवशी भरले असं धरून काढलाय: ६.५ टक्के, तिमाही चक्रवाढ, २० तिमाह्या. आरडीत पहिला हप्ता ६० महिने राहतो, शेवटचा एकच महिना. सरासरी काढा, प्रत्येक रुपया साडेतीस महिनेच व्याज कमावतो. म्हणून ६ लाखांवर १,१३,६५९. यात फसवणूक नाही.
आता सांगा: ६ लाख आज हातात आहेत का? आणि सर्टिफिकेट म्हणजे नेमकं काय?

चक्रवाढ
हेच विचारणार होतो. सर्टिफिकेट म्हटलं की तीन गोष्टी असू शकतात. पोस्टाचं एनएससी (राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र), बँकेच्या एफडीची, म्हणजे एकरकमी मुदत ठेवीची पावती, किंवा खरंखुरं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट. शेवटचं किमान ५ लाखांचं आणि ५ लाखांच्या पटीत, बँकेचं असेल तर मुदत ७ दिवस ते एक वर्ष, डीमॅटमध्येच, म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यातच मिळतं. पाच वर्षांचं नसतंच.

पासबुक६०
पोस्टाची आरडी घ्या आणि निर्धास्त राहा. सरकारी हमी आहे, उघडताना लागलेला दर पूर्ण ६० महिने बदलत नाही, टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापून घेतला जाणारा कर, कापत नाहीत. एकदम सहा हप्ते आगाऊ भरले तर दर शंभराच्या हप्त्यामागे १० रुपये सूट, बारा भरले तर ४० रुपये. तुमच्या हप्त्याला वर्षाचे आगाऊ भरले तर ४,००० सुटतात.

खतावणी
अर्धी बाजूच सांगितलीत. जितक्या महिन्यांचं आगाऊ भरलंय तेवढे महिने उलटेपर्यंत खातं मुदतीआधी बंद करता येत नाही. आणि टीडीएस नाही म्हणजे कर नाही असं नव्हे, व्याज उत्पन्नात दाखवावंच लागतं.

ओसरी
आरडीवर कुठेच टीडीएस नसतो ना?

चक्रवाढ
बँकेच्या आरडीवर १ जून २०१५ पासून आहे. त्या बँकेतलं एफडी आणि आरडीचं मिळून व्याज वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की १० टक्के कापतात. ज्येष्ठांना ही मर्यादा १ लाख. दोन्ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनच्या, जुने लेख वाचून ४०,००० धरू नका.

निळीशाई
एफडीचीच पावती आहे, घरी सगळे सर्टिफिकेट म्हणतात. हो, ६ लाख बचत खात्यात आहेत. त्यातूनच दरमहा १०,००० पोस्टात जातील. एकदम अडकवले तर मध्ये लागल्यावर काय? साडेतीन वर्षांनी मुलीच्या प्रवेशाला ४ लाख लागणारच आहेत. पण मूळ प्रश्न तो नाही.

खतावणी
मूळ प्रश्न तोच आहे! ही ओळ सगळ्यात आधी यायला हवी होती.
पोस्टाची आरडी तीन वर्षांच्या आत बंद होत नाही. तीन वर्षांनंतर होते, पण मुदतीच्या एक दिवस आधी मोडली तरी व्याज पोस्टाच्या बचत खात्याच्या दराने, म्हणजे ४ टक्क्यांनी. ४२ हप्ते म्हणजे ४,२०,०००, त्यावर साधारण ३० हजार मिळतील. ६.७ टक्के पासबुकावरच राहतील. शिवाय पोस्टात जायची वाट बघत उरलेली रक्कम तोवर बचत खात्यात जेमतेम अडीच-तीन टक्क्यांवर पडून राहणार. हातात एकरकमी पैसे असताना ते तुकड्यातुकड्याने आरडीत सोडणं म्हणजे आपल्याच पैशाला बाहेर उभं करणं.

पासबुक६०
मोडायची गरजच काय? बारा हप्ते आणि एक वर्ष झालं की शिल्लकेच्या ५० टक्के कर्ज मिळतं.

खतावणी
आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त व्याजाने, म्हणजे ८.७. आणि ४,२०,००० चे निम्मे २,१०,०००. लागणार ४ लाख. गणित बसत नाही.

कट्टेकरी
पाच वर्षांची टॅक्स सेव्हर एफडी करा, ८०सी मध्ये दीड लाखापर्यंत वजावट मिळते. कुणी सुचवलं कसं नाही?

चक्रवाढ
कारण ती पाच वर्षं मोडता येत नाही, तारण ठेवून कर्जही मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती वजावटच नाही. धाग्याचा प्रश्न साडेतीन वर्षांचा आहे.

ओसरी
पोस्टाच्या पाच वर्षांच्या टीडीला (एकरकमी मुदत ठेवीला) ७.५ आहे की. ती का नको?

चक्रवाढ
तिचं व्याज वर्षातून एकदा बचत खात्यात जमा होतं, ते मुद्दलात मिसळत नाही. ६ लाखांवर वर्षाला सुमारे ४६,२८०. काढलं नाही तरी त्यावर टीडीचा दर मिळत नाही. दरवर्षी हातात पैसे हवे असतील तर उत्तम, मुदत संपेपर्यंत वाढू द्यायचे असतील तर नाही. आणि तिची मुदतही पाच वर्षांचीच.

निळीशाई
मग ६ लाखांची एकच एफडी, ४२ महिन्यांची? उद्या करून टाकतो.

खतावणी
एकच नको. बँक बुडाली तर पैसे परत देणारा ठेवविमा ४ फेब्रुवारी २०२० पासून माणशी, दर बँकेला ५ लाखांचा आहे आणि त्यात व्याज धरलेलं असतं. ४ लाखसुद्धा ६.५ टक्क्यांनी ४२ महिन्यांत ५,०१,००० च्या पुढे जातात. एकाच बँकेच्या दोन शाखा घेऊन उपयोग नाही, दोन्हीकडची बेरीज एकच धरतात. दोन बँका, प्रत्येकी ३ लाख, आणि तिथेही एक-एक लाखाच्या तीन पावत्या. मध्येच ८० हजार लागले तर एकच पावती मोडाल, बाकीच्या पाच चालू राहतील.
काउंटरवर तीन गोष्टी बोलून घ्या. व्याज मुदतीअखेर एकत्र, म्हणजे क्युम्युलेटिव्ह. आपोआप नूतनीकरण बंद, नाहीतर नेमकी फीच्या महिन्यात पावती पुन्हा ४२ महिन्यांसाठी लागते. आणि मुदतपूर्व मोडल्यास दंड किती ते लेखी. बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक टक्का असतो, तोही छापील दरातून वजा होत नाही. पैसे जेवढे दिवस प्रत्यक्ष राहिले तेवढ्या मुदतीचा जो दर असेल, त्यातून वजा होतो. लोक इथेच चुकतात.

पासबुक६०
तरी पगारातून बचत करणाऱ्याला आरडीच बरी, हे मी मागे घेणार नाही.

खतावणी
त्यावर वाद नाहीच. दरमहा नव्याने पैसे येतात आणि पाच वर्षं हात लावायचा नाही, अशांसाठीच ती आहे.

निळीशाई
समजलं. पण आधी वाटत होतं तसं १५ तारीख चुकली तर तोटा होतो का?

चक्रवाढ
नाही. १५ पर्यंत उघडलं तर पुढचे हप्ते दर महिन्याच्या १५ च्या आत, १६ नंतर उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. एवढाच फरक. चुकलेल्या हप्त्याला मात्र शंभरामागे महिन्याला १ रुपया, तुमच्या हप्त्याला १००. एफडीला तर तारखेचं बंधनच नाही. उद्या दोन्ही बँकांचे ४२ महिन्यांचे दर विचारून या, ३६ महिन्यांच्या पुढे टप्पा बदलून दर खाली येतो का ते बघा. येत असेल तर ३६ ची करा आणि उरलेल्या सहा महिन्यांसाठी पुन्हा लावा.