अनुभव धागा: तलंगेनं (तरण्या कोंबडीनं) पहिलं अंडं कधी दिलं? खुडूक (अंडी उबवायला) कोण बसली?

लातूरहून, धागा काढणारी: दिवाळीनंतर आणलेल्या पिलांच्या आता तलंगा झाल्यात. दोन गिरिराज जातीच्या, तीन गावरान. सहा महिने होत आले. गिरिराजनं अंडी सुरू केली, गावरान अजून नुसत्या उकरत फिरतात. आपल्याकडं परसात कोंबड्या पाळणाऱ्यांनी घरचा अनुभव लिहा. जात कोणती, पहिलं अंडं कितव्या महिन्यात, खुडूक बसली का, पिलं किती निघाली.

परभणी: ताई, गावरानला घाई करू नका. माझ्या तिघींपैकी एकीनं साडेसहाव्या महिन्यात दिलं, बाकीच्यांनी आठवा लावला. वयापेक्षा तुरा बघा. फिकट गुलाबी तुरा लालभडक झाला, पाठीवर हात ठेवताच ती पंख पसरून खाली बसली, की आठवड्या-दोन आठवड्यात अंडं आलंच समजा. माझी तर दोन दिवस कडब्याच्या पेंढ्यांमागं जाऊन क्वॉक क्वॉक करत होती. तिसऱ्या दिवशी तिथं लिंबाएवढं अंडं, वर रक्ताची बारीक रेघ. मी घाबरले होते, पण पहिल्या अंड्याला असं होतं. अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून शिंपल्याचा चुरा तेव्हापासून वेगळ्या वाटीत ठेवते.

जालना: कडकनाथ चार आहेत. सहा महिने ओलांडून अंडी आली. दोन वर्षांत एकही खुडूक बसली नाही. त्यांची अंडी गावरानखाली ठेवतो.

औसा: खुडूक बसण्यात गावरान आणि असील यांना तोड नाही. गिरिराज, वनराजा अंड्यांसाठी ठेवा, बसण्याची आशा धरू नका.

आमच्या आजीची रवण घालायची, म्हणजे खुडूक कोंबडीखाली अंडी उबवायला ठेवायची रीत अजून पाळतो. टोपल्यात राख, वर तूस, त्यावर अकरा अंडी, आणि कोंबडी अंधार पडल्यावरच बसवायची. दिवसा बसवली तर उठून जुन्या जागी पळते. सातव्या रात्री बॅटरी लावून अंडं बघायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, नितळ दिसलं तर काढायचं. एकविसाव्या दिवशी पिलं.

मागच्या मे महिन्यात मात्र मी चुकलो. पत्र्याखालच्या खुराड्यात बारा अंडी ठेवली, दोनच पिलं निघाली. अंडी आठ दिवस घरात साठवलेली होती, आणि एवढ्या उकाड्यात आतलं बीज अर्धवट वाढून मरतं. आता अंड्यांचं भांडं माठाखालच्या ओल्या वाळूवर ठेवतो, आणि रवण दिवाळी ते महाशिवरात्रीच्या आतच घालतो. त्या दोन पिलांतलंही एक मानमोडीनं (राणीखेत रोगानं) गेलं. लस द्यायची राहून गेली होती. ते अजून मनात आहे.

नांदेड: आमच्याकडं उलट अडचण. अंडी हवीत आणि गावरान सारखी खुडूक. म्हातारी माणसं पाण्यात बुडवून काढतात, माझ्याच्यानं ते बघवत नाही. तळाला जाळी असलेला पिंजरा विटांवर ठेवते, पोटाखालून वारा लागला पाहिजे. दाणापाणी आतच. तीन-चार दिवसांत तिचं बसणं सुटतं, पुढं दोनेक आठवड्यांत अंडी.

लातूरहून, धागा काढणारी: परभणीच्या ताई, काल संध्याकाळी तिघींच्या पाठीवर हात ठेवून पाहिला. दोघी पळाल्या, भुरी मात्र खाली बसली. जुन्या घमेल्यात तूस घालून ते कोपऱ्यात ठेवलंय, आणि शेजारी शिंपल्याची वाटी.