भटका अल्बट्रॉस आणि क्रिल यांची तुलना कोणत्या निकषांवर करावी?

प्रश्न: दक्षिण महासागरातील भटका अल्बट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी आणि अंटार्क्टिक क्रिल हा कोळंबीसारखा छोटा कवचधारी जीव यांच्यात भक्षक-भक्ष्य या नात्यापलीकडे तुलना करण्याजोगे काही आहे का?

पहिले उत्तर: मुळात ते नातेही फारसे घट्ट नाही, कारण हा पक्षी प्रामुख्याने माखले आणि मासे खातो. माझ्या मते मिठाचा प्रश्न अधिक उद्बोधक आहे. क्रिलच्या शरीरद्रवाची क्षारता समुद्राच्या पाण्याशी जवळपास जुळलेली असते. पक्ष्याचे रक्त मात्र त्याहून बरेच कमी खारट असल्यामुळे डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथी जादा मीठ वेगळे काढतात आणि ते दाट द्रवाच्या रूपाने नाकपुड्यांतून बाहेर टाकले जाते.

दुसरे उत्तर: बाह्य आवरणाचाही विचार करावा. क्रिलला वाढण्यासाठी संपूर्ण कवच टाकावे लागते, आणि अन्न दीर्घकाळ न मिळाल्यास तो पुढच्या कवचात चक्क आकाराने लहान होतो, त्यामुळे लांबीवरून त्याचे वय ठरवणे धोक्याचे असते. अल्बट्रॉसला उड्डाण थांबवणे परवडणारे नसल्याने तो पंखांतील मोठी पिसे टप्प्याटप्प्याने बदलतो.

प्रश्नकर्ता: आणि प्रजननाबाबत?

पहिले उत्तर: तेथे दोघे दोन टोकांना आहेत. सुमारे साडेतीन मीटरपर्यंत पंखविस्तार असलेला हा पक्षी साधारणपणे दोन वर्षांतून एकदा एकच अंडे घालतो आणि पिल्लाचे संगोपन कित्येक महिने करतो, तर जेमतेम सहा सेंटिमीटर लांबीची क्रिल मादी हजारो अंडी पाण्यात सोडून देते.