अमेरिकेतला एकतर्फी घटस्फोट सांगलीत का मानायचा?

कृष्णाकाठ: माझी मावसबहीण बाळंतपणाला सांगलीत आली. बाळ चार महिन्यांचं असताना ईमेलवर अमेरिकेतल्या कोर्टाचे कागद आले. हिचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर, वकिलाची फी डॉलरमध्ये. जाणार कशी? एकतर्फी निकाल लागला. १९९१ च्या वाय. नरसिंह राव खटल्यात लग्न तिरुपतीचं होतं आणि नवऱ्याने अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात ९० दिवसांचं वास्तव्य दाखवून घटस्फोट घेतला होता. सुप्रीम कोर्टाने तो मानला नाही. नुसतं समन्स पोचणं पुरेसं नाही, गरज असेल तिथे समोरच्याच्या प्रवासाची, राहण्याची, खटल्याच्या खर्चाची सोय अर्जदाराला करायला लावा, असं कोर्टाने बजावलं. परदेशी घटस्फोट इथे मानूच नयेत, असं माझं ठाम मत आहे.

सॅन होजेची: बहिणीवर अन्याय झाला, शंकाच नाही. पण मानूच नयेत? आम्ही अकरा वर्षं कॅलिफोर्नियात. घर इथे, मुलीची शाळा इथे. अर्ज मी केला, नवरा हजर राहून शेवटपर्यंत भांडला. घटस्फोट मिळाला तो 'आता जुळणं शक्य नाही' या कारणावर, आणि हिंदू विवाह कायद्यात ते कारणच नाही! परदेशी घटस्फोटाचं कारण त्या कायद्यातलं हवं, असं तोच १९९१ चा निकाल सांगतो. म्हणजे इथे मी मोकळी, पुण्यात अजून त्याची बायको. पुन्हा लग्न केलं तर द्विविवाहविरोधी कलमाची भीती. बायकांना वाचवणाऱ्या त्याच निकालात मी अडकले आहे.

कृष्णाकाठ: ताई, हा विचार मी केला नव्हता. 'मानूच नयेत' हे मागे घेतो. पण कारणाची अट सैल केली तरी बाजू मांडायची संधी मिळाली का, हे आधी तपासलंच पाहिजे.

एक वकील: कारणाची अट सैल करणं आणि संधी मिळाली का हे तपासणं, दोन्ही गोष्टी एकत्र बसतात. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यघटनेच्या कलम १४२ खाली, संसार सावरण्यापलीकडे गेला या कारणावर स्वतः घटस्फोट देता येतो असं म्हटलं. कौटुंबिक न्यायालयाला तो अधिकार नाही. संसदेने कायदा बदलल्याशिवाय सॅन होजेच्या ताईंची अडचण सहज सुटणार नाही.

मावसबहिणीसाठी: परदेशी कोर्टाचे कागद बजावण्याबाबतच्या हेग या आंतरराष्ट्रीय करारानुसार परदेशी समन्स दिल्लीच्या विधी मंत्रालयामार्फत यायला हवं, टपालाने थेट पाठवण्याला भारताची हरकत आहे. असे कागद आले की गप्प बसू नका. अधिकारक्षेत्र मान्य नाही एवढंच लेखी कळवा. हरकत राखून दिलेलं उत्तर म्हणजे शरणागती नव्हे, हेही १९९१ च्याच निकालात आहे. आणि सांगलीत पोटगीचा अर्ज आजच टाका.