अनुभव धागा : गावच्या किटचा कुबट वास तुम्ही घरी कसा काढला?

दर्यापूर तालुका, किट सांभाळणारा

२०१७-१८ च्या हंगामात विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आमच्या गावातल्या पोरांनी टेनिस बॉल सोडून लेदर बॉल हाती घेतला. वर्गणी करून किट आणली. दोन जोड पॅड, तीन जोड ग्लोज, एक हेल्मेट, कीपिंग ग्लोज, मांडीला बांधायचा एक थायपॅड, जांघेत घालायचे दोन गार्ड. आजही तीच किट आहे आणि पंधरा-सोळा जण ती वापरतो. किट सगळ्यांची, त्यामुळे ती धुवायची कोणी हे कधी ठरलंच नाही.

यंदा पावसाळाभर ती समाजमंदिराच्या खोलीत बंद बॅगेत राहिली. पोळा झाल्यावर चेन उघडली तर भपकारा आला. ग्लोजच्या आत हिरवट बुरशी, हेल्मेटच्या पट्ट्यावर मिठाचे पांढरे ओघळ. आम्ही पावडर शिंपडली, सेंट मारला. वास गेला नाहीच, दोन्ही वास एक होऊन आणखी डोकं धरायला लागलं. सातवीतला एक पोरगा नुकताच सरावाला यायला लागला होता, चांगला डावखुरा. त्यानं हेल्मेट घातलं आणि लगेच काढून माझ्या हातात दिलं. "दादा, मले मळमळते," म्हणाला. दोन रविवार आलाच नाही. हे मला फार लागलं.

तर ज्यांनी घरच्या घरी असं सामान धुतलं आहे त्यांनी लिहा. काय केलं, काय फसलं, तेही. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला आहे. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, एवढं लक्षात घ्या.


तेल्हारा तालुका, अकरा वर्षं विकेटकीपर

पाणी आमचंही तसंच. आधी ते सांगतो. खाऱ्या, जड पाण्यात साबणाची वडी वापरूच नका. फेस येत नाही आणि वर चिकट साका कापडात बसतो. वाळल्यावर तोच साका घाम धरून ठेवतो. धुण्याची पावडर चालते. शेवटचं खळबळणं मी पावसाचं पाणी असेल तर त्यात करतो, नाहीतर पिण्याच्या पाण्याच्या कॅनमधलं दोन तांबे पाणी त्यासाठी काढून ठेवतो.

आता ग्लोज. कीपिंग ग्लोज चामड्याचे असतात, ते बादलीत बुडवायचे नाहीत. मी एकदा बुडवले होते. चार दिवस वाळले नाहीत आणि वाळले तेव्हा पंजा लाकडासारखा झाला. आता मी फडकं पावडरच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळतो, बोटावर गुंडाळतो आणि ग्लोजच्या प्रत्येक बोटात घालून फिरवतो. पहिल्या फडक्यावर जो काळा मळ येतो तो बघितल्यावर पुढच्या वेळी कोणाला सांगावं लागत नाही. मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. अर्धवट ओले असताना हातात घालून मूठ उघड-मीट करायची, म्हणजे चामडं आखडत नाही.

आतली ओल ओढायला मी पहिल्या वर्षी घरचा कापूस भरला होता. घरात कापूस आहे तर दुसरं काय शोधायचं, असं वाटलं. सकाळी कापूस कोरडाच आणि ग्लोज ओलेच. नंतर कळलं की शेतातल्या कापसाच्या धाग्यावर निसर्गानंच मेणाचा थर दिलेला असतो. पाण्यात टाकला तर तरंगतो. दवाखान्यातला कापूस ते मेण काढून तयार करतात, म्हणून तो पाणी पितो. आता जुन्या धोतराच्या चिंध्या नाहीतर वर्तमानपत्राचे बोळे भरतो आणि रात्री झोपताना एकदा बदलतो. तो एक बदल फार महत्त्वाचा आहे, ओले बोळे तसेच राहिले तर काही उपयोग नाही.

आत घालायचे सुती इनर ग्लोज प्रत्येकाचे स्वतःचे ठेवा. ते रुमालासारखे रोज धुता येतात आणि सगळा घाम तेच पितात.


अकोला जिल्हा, बॉक्सरची आई

माझा मुलगा सायकलनं तालुक्याला जातो बॉक्सिंगला. पहिल्या महिन्यात त्याची बॅग मी अंगणातच ठेवायला लावायची. तो चिडायचा. एक दिवस मीच बॅग उघडली. ग्लोजच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्ट्या तशाच ओल्या कोंबलेल्या, चार दिवसांच्या.

त्या पट्ट्या लांबच लांब असतात आणि सगळा घाम त्यांच्यातच. आता घरी आल्याबरोबर त्या बादलीत जातात, मग जेवण. "आधी पट्ट्या, मंग भाकर," असं मी म्हणते आणि तो ऐकतो. दोन जोड घेऊन दिले, म्हणजे एक वाळत असताना दुसरी वापरता येते.

ग्लोजसाठी कोणीतरी सांगितलं की रात्रभर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेव, जंतू मरतात. ठेवले. सकाळी वास नव्हता. संध्याकाळी हात गरम झाले तसा सगळा वास परत आला. थंडीनं जंतू झोपतात, मरत नाहीत. मग चायनीजच्या गाडीवर असतं ते पांढरं व्हिनेगर आणलं. अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी, फडक्यानं आतून पुसलं आणि ग्लोजचं तोंड उघडं राहावं म्हणून आत लाटणं उभं केलं. पंख्याखाली ठेवले. कूलरपुढे ठेवू नका. कूलरची हवा गार लागते पण ती ओली असते, तिच्यात काहीच वाळत नाही. व्हिनेगरचा वास दुसऱ्या दिवशी उडतो. आता आठवड्यातून एकदा करते.


उमरखेड तालुका, विज्ञान शिक्षक, शाळेच्या खेळसाहित्याची जबाबदारी

या धाग्यावर सोड्याबद्दल कोणी चुकीचं लिहिण्याआधी लिहितो, कारण आमच्या शाळेत गोंधळ झाला होता. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा वेगळे. मुलांनी धुण्याचा सोडा ग्लोजमध्ये भरला, त्यानं चामडं कडक झालं आणि दोघांच्या हाताची आग झाली. धुण्याचा सोडा बराच तीव्र असतो. आपल्याला हवा तो खाण्याचा.

तो काम का करतो तेही मुलांना सांगितलं पाहिजे, मग ती लक्षात ठेवतात. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळपास नसतो. कातडीवरचे जिवाणू घामातली आणि मेलेल्या कातडीतली द्रव्यं खातात, त्यातून आम्लं तयार होतात. पायमोज्यांचा तो आंबूस वास आयसोव्हॅलेरिक आम्लाचा. खाण्याचा सोडा अल्कधर्मी आहे. तो या आम्लाला भेटला की त्याचा क्षार होतो, क्षार हवेत उडत नाही आणि नाकापर्यंत येत नाही. पण जिवाणू तिथेच असतात. म्हणून सोडा भुरभुरून रात्रभर ठेवणं हे धुण्याला पर्याय नाही, धुऊन वाळवल्यानंतरचं काम आहे. सोडा आणि व्हिनेगर एकत्रही करू नका. फेस येतो, मुलांना मजा वाटते, पण दोघं एकमेकांना संपवतात आणि हातात खारट पाणी उरतं.

दुसरी गोष्ट हेल्मेटवरच्या त्या पांढऱ्या ओघळांची. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसंच घामातलं मीठही हवेतली ओल ओढतं. मार्चमध्ये तुम्ही किट कोरडी करून ठेवली तरी मीठ आत राहिलं असेल तर जुलैत ती आपोआप ओली होते. दर्यापूरच्या किटचं हेच झालं असणार. म्हणून हंगाम संपल्यावर नुसतं वाळवू नका, साध्या पाण्याच्या फडक्यानं मीठ आधी काढा.


मेहकर तालुका

एकच सांगायचं आहे, पण जिवाचं आहे. ग्रामपंचायतीत विहिरीत टाकायची टीसीएल पावडर असते, ती मी पाण्यात कालवून नी-कॅप आणि थायपॅड भिजवले. तासाभरानं वास जावा म्हणून त्याच बादलीत व्हिनेगर ओतलं. न्हाणीघर बंद होतं. डोळ्यांतून पाणी, छातीत जळजळ, खोकता खोकता बाहेर पडलो. बायकोनं ओढत अंगणात आणलं. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, तिच्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू निघतो. लिंबू पिळलं तरी तेच. नी-कॅपचं इलॅस्टिकही नंतर सैल पडून गेलं. खेळाच्या सामानाला टीसीएल लावूच नका.


साकोली तालुका, कबड्डी

आमच्याकडे दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रेचे दिवस आले की सामने सुरू होतात, एका रात्रीत चार-चार. नी-कॅप काढायला वेळ नसतो. रात्री घरी आल्यावर कोमट पाण्यात पावडर, उलट्या करून दाबून धुवायच्या, पिळायच्या नाहीत जी, टॉवेलमध्ये गुंडाळून वर पाय द्यायचा. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव्य नको, त्याचा थर बसतो आणि मग घाम शोषला जात नाही. बस एवढंच, आम्हाला वासाचा त्रास नाही.


ब्रह्मपुरी, जुना खेळाडू

आमच्या वेळचे पॅड वेताचे आणि कापडाचे, पावसात भिजले तर दुप्पट जड व्हायचे. पण उन्हात टाकले की झालं. तीच सवय मी नातवाच्या पॅडना लावली आणि नुकसान केलं. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. मी पॅड टिनावर टाकले. दुपारनंतर पाहिलं तर वरचं रेक्झिन तडकलेलं, आतला फोम सुटून एकीकडे सरकलेला. टिन हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापतं. नातू काही बोलला नाही, पण तोंड उतरलं त्याचं. ते पॅड त्यानं पहिल्या कमाईतून घेतले होते.

ऊन चांगलंच आहे, त्यानं जंतू मरतात. पण सकाळचं, आठ-नऊपर्यंतचं, खाटेवर, आणि आतली कापडी बाजू वर करून. पुढे सावलीत. चामड्याला तेवढंही नको.

हेल्मेटबद्दलही सांगतो. एका पोरानं रंगाचे डाग काढायला थिनर लावलं होतं. पेट्रोल, थिनर यांनी प्लास्टिकचं कवच कमजोर होतं, दिसत मात्र नाही. डोक्याचा प्रश्न आहे. कोमट पाणी आणि सौम्य साबण, बाकी काही नाही. आतली गादी निघत असेल तर काढून वेगळी धुवा.


आर्वी तालुका, आशा सेविका

तुम्ही सगळे वासाचं बोलत आहात, मी कातडीचं बोलते. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावातल्या सहा मुलांच्या जांघेत आणि मांडीवर नायटा निघाला. सांगायला लाजत होते. एकाची आई कुजबुजत माझ्याकडे आली तेव्हा कळलं. सहाही जण एकाच संघातले, एकच गार्ड, एकच थायपॅड, एकच टॉवेल.

नायटा बुरशीमुळे होतो आणि ओल्या कापडातून एकाचा दुसऱ्याला जातो. मुलं दुकानातून एक मलम आणून लावत होती. चार दिवस खाज थांबायची, मग दुप्पट पसरायचा. असल्या मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं, ते खाज दाबतं आणि बुरशीला मोकळं रान देतं. डॉक्टरांनी दिलेलं औषध मध्येच न सोडता सगळ्यांनी घेतलं तेव्हा हटला.

माझी कळकळीची विनंती आहे. पॅड, हेल्मेट एक असू द्या, पैसा नसतो हे मला माहीत आहे. पण गार्ड आणि टॉवेल ज्याचा त्याचा. गार्ड प्लास्टिकचा असतो, घरी गेल्यावर साबणानं धुवायला एक मिनिट लागतं. आणि मुलांच्या आयांना नाही, मुलांनाच धुवायला लावा.


चामोर्शी तालुका, तायक्वांदो, मुलगी

आमच्या वसतिगृहात छातीचे गार्ड आठ आणि मुली बावीस. पावसाळ्यात इकडे पाऊस थांबतच नाही, ऊन कुठून आणायचं? आम्ही एकदा चुलीच्या वर दोरी बांधून वाळवले. फोम आकसला आणि धुराचा वास बसला तो बसलाच. आता ताईंनी वऱ्हांड्यात बांबू आडवा बांधून दिला आहे. सराव संपला की जिनं घातलं तिनंच आतून-बाहेरून पुसायचं आणि बांबूवर अडकवायचं, एकावर एक ठेवायचं नाही. खाली पंखा. आत सुती बनियन घातल्याशिवाय गार्ड मिळत नाही. बॅगेत भरायचं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, हात लावून बघितल्यावर.


दर्यापूर तालुका, किट सांभाळणारा

सगळ्यांचं वाचलं, दोनदा. मागच्या रविवारी नऊ जण आमच्या अंगणात बसलो. माय म्हणाली, "एवढे पोट्टे धुवाले बसले, हे मी पयल्यांदा पाहून रायली." पावडरच्या पाण्याची फडकी, मग कॅनचं पाणी, मग धोतराच्या चिंध्या. एका ग्लोजचा पंजा आतून इतका कुजला होता की फडक्याबरोबर कापड निघून आलं, ती जोडी टाकून दिली. दोन जोड वाचले. जुने दोन्ही गार्ड टाकले, आता ज्याचा त्याचा. थायपॅड धुऊन पत्र्याच्या कपाटात ठेवला आहे, ज्याच्याकडे सुती चड्डी आत असेल त्यालाच मिळेल.

समाजमंदिराच्या भिंतीला दोन खुंट्या आणि आडवा वासा ठोकला. बॅग आता फक्त गावाबाहेर जाताना. आठवड्याची पाळी खडूनं दारामागे लिहिली आहे, पहिलं नाव माझंच.

डावखुऱ्या पोराच्या घरी जाऊन आलो. हेल्मेट सोबत नेलं होतं. त्यानं आधी नाकाजवळ धरलं, मग आत हात घालून बघितलं, मग घातलं. हनुवटीच्या पट्ट्याला अजून थोडा वास आहे, हे त्यानंच दाखवलं. पट्टा सोडवून आणला आहे. व्हिनेगरच्या पाण्यात एकदा झाला, उद्या साध्या पाण्यातून काढून वाशावर टाकतो.